पेशीतील मालवाहतूक : एका शोधाचा इतिहास



हळदीच्या हंगामात आपल्या वसमतच्या मोंढ्यातून एक फेरी मारली, म्हणजे आजच्या विषयाची अर्धी तयारी आपोआप होते. शेतातली हळद जशी निघाली तशीच बाहेरगावी जात नाही. ती शिजवावी लागते, वाळवावी लागते, ढोलात घालून घासावी लागते. मग हळकुंडे वेगळी, गड्डे वेगळे अशी निवड होते. पोती भरतात, शिवली जातात, त्यांच्यावर खूण पडते आणि शेवटी हमालाच्या पाठीवरून ती मालमोटारीत चढतात. ह्यांतले प्रत्येक काम कोणीतरी माणूस डोळ्यांनी पाहून करीत असतो. मापाड्याला मोजता येते, मुनिमाला लिहिता येते, हमालाला खूण ओळखता येते. म्हणूनच वसमतचे पोते जेथे जायचे तेथे जाते, भलतीकडे जात नाही.

आता अशी कल्पना करा की, ह्या मोंढ्यात आडत्या नाही, मुनीम नाही, दिवा नाही, डोळे असलेला एकही प्राणी नाही. आणि तरीही अहोरात्र नवा माल तयार होत आहे, आपापल्या वाटेने निघत आहे आणि नेमक्या ठिकाणी जाऊन पोहोचत आहे. ही कल्पना अशक्य वाटते. परंतु असा मोंढा आपणा प्रत्येकाच्या शरीरात आहे. एक नव्हे, लक्षावधी कोटी आहेत. त्याचे नाव पेशी. तेथला माल म्हणजे प्रथिने.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि दूध आठवते. पण प्रथिने ही केवळ पौष्टिक द्रव्ये नव्हेत. ती शरीरातली कामकरी मंडळी आहेत. अन्न पचविणारे पाचकरस हे प्रथिन, रक्तातून प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन, साखरेचा हिशेब ठेवणारे इन्सुलिन हेही प्रथिनच. एका पेशीत सुमारे एक अब्ज प्रथिनरेणू असतात. पेशीत निरनिराळ्या खोल्या आहेत, आणि त्यांच्या भिंती अशा स्निग्ध पदार्थाच्या आहेत की प्रथिनासारखा मोठा रेणू त्यांतून सहज पार होत नाही. काही प्रथिने केंद्रकात जायची, काही भिंतीतच रोवून बसायची, काही पेशीबाहेर पाठवायची. मग कोणते प्रथिन कोठे जायचे हे ठरवितो कोण? ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांच्या तीन पिढ्या खर्ची पडल्या. त्या शोधाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

कथेची सुरुवात इटलीत होते. पाविया येथील कामिल्लो गॉल्जी ह्या वैद्याने १८९८ साली घुबडाच्या मज्जापेशींवर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया केली, तेव्हा त्याला पेशीच्या आत एक काळसर जाळे दिसले. हे जाळे पेशीचे खरेच अंग आहे की रंगप्रक्रियेने उभा केलेला आभास आहे, ह्यावर पुढे पन्नास वर्षे वाद माजला. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर तेवढी तीक्ष्ण नव्हती. विजाणूंच्या साह्याने पाहणारा सूक्ष्मदर्शक हाती आला आणि १९५० नंतरच्या दशकात हा वाद मिटला. गॉल्जीचे जाळे खरे होते. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यांची ती चळत होती.

त्या नव्या यंत्रातून पाहणाऱ्यांत जॉर्ज पॅलेड हा रुमानियातून अमेरिकेत आलेला संशोधक होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत बसून त्याने पेशीतले बारीक कण पाहिले. प्रथिने जेथे घडतात ते हे कण; त्यांना पुढे रायबोसोम असे नाव पडले. पण छायाचित्र स्थिर असते. त्यात रस्ता दिसतो, रहदारी दिसत नाही. रहदारी पाहण्यासाठी पॅलेड आणि त्याचा सहकारी जेम्स जेमिसन यांनी एक सुरेख युक्ती केली. जत्रेच्या गर्दीत एका टोळीच्या अंगावर गुलाल टाकावा आणि मग दर घटकेला ती टोळी कोठे आहे ते पाहावे, तशी ती युक्ती होती. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्या त्यांनी ३ मिनिटे किरणोत्सर्गी द्रव्यात ठेवल्या. तेवढ्या वेळात जी प्रथिने घडली, तेवढ्यांनाच गुलाल लागला. लगेच पाहिले, तर ती प्रथिने रायबोसोम चिकटलेल्या खडबडीत जालिकेत होती. आणखी ७ मिनिटांनी ती गॉल्जीच्या कडेला आली. सुमारे दोन तासांनी ती बाहेर जाण्याच्या तयारीत असलेल्या साठवणीच्या पिशव्यांत भरलेली दिसली. हा प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झाला. पेशीतली मालवाहतूक माणसाने पावलागणिक मोजली. १९७४ साली पॅलेडला, आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

वाट कळली. पण जिने कोणत्या मालाने जावे हे कसे ठरते, ते कळले नव्हते. ते उत्तर काढणाऱ्या माणसाचे नाव गुंटर ब्लोबेल.

ब्लोबेलचा जन्म १९३६ साली सायलीशियातल्या वाल्टर्सडोर्फ ह्या खेड्यात झाला. तेव्हा तो प्रदेश जर्मनीत होता, आज पोलंडमध्ये आहे. १९४५ च्या जानेवारीत रशियन फौजा जवळ आल्या, तेव्हा आठ वर्षांचा हा मुलगा कुटुंबासह घरदार सोडून निघाला. वाटेत त्यांनी ड्रेस्डेन शहर पाहिले; तिथल्या मोठ्या चर्चचा घुमट त्या पोराच्या मनात कायमचा ठसला. थोड्याच दिवसांत बाँबवर्षावाने ते शहर जळाले. आगगाडीवर झालेल्या हल्ल्यात त्याची मोठी बहीण गेली. घराचा पत्ताच नाहीसा झालेला हा मुलगा पुढे न्यूयॉर्कला पॅलेडच्या प्रयोगशाळेत आला आणि त्याने पत्त्याचाच प्रश्न हाती घेतला. हा योगायोगच, पण विसरता न येण्यासारखा आहे.

१९७१ साली ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी एक तर्क मांडला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रथिनाच्या अग्रभागी एक लहानसा जादा तुकडा असावा, आणि तोच त्याचा पत्ता असावा. आपल्या स्टेशनावरून पूर्वी ज्या मालगाड्या पूर्णा जंक्शनकडे जात, त्यांच्या प्रत्येक वाघिणीच्या अंगावर एका चौकटीत चिठ्ठी खोवलेली असे. वाघीण कोणती कोणत्या मार्गाला लावायची, हे ती चिठ्ठी वाचून ठरे. तसेच येथे. फरक एवढाच की, ही चिठ्ठी बाहेरून कोणी खोवीत नाही. ती मालातच विणलेली असते. ह्या तर्काला तेव्हा पुरावा नव्हता आणि फारसे कोणी तो मानलाही नाही.

पण १९७२ साली केंब्रिजच्या सीझर मिलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, प्रतिपिंडाचा एक भाग परीक्षानळीत घडविला असता तो नेहमीपेक्षा किंचित लांब निघतो. हा वाढीव तुकडा म्हणजेच चिठ्ठी तर नव्हे? १९७५ साली ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातील पटलाच्या पिशव्या आणि प्रथिने घडविणारी सामग्री एकत्र करून ही सारी घटना परीक्षानळीत घडवून आणली. पिशव्या असल्या म्हणजे प्रथिन आत शिरते आणि शिरताना त्याची चिठ्ठी कापली जाते. पिशव्या नसल्या म्हणजे चिठ्ठी तशीच राहते. मागाहून ती चिठ्ठी वाचणारा कण सापडला, आणि भिंतीतले दारही सापडले. सर्वांत आश्चर्याची गोष्ट अशी की यीस्ट, वनस्पती आणि माणूस ह्या तिघांतही चिठ्ठीची भाषा मूलतः एकच निघाली. १९९९ साली ब्लोबेलला नोबेल मिळाले. पारितोषिकाची जवळजवळ सारी रक्कम त्याने ड्रेस्डेनला देऊन टाकली. त्या चर्चच्या आणि तिथल्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या उभारणीसाठी. २०१८ साली तो वारला.

चिठ्ठी चुकली तर काय होते, हे एका दुर्मीळ बालरोगाने दाखवून दिले. पेशीत टाकाऊ पदार्थ पचविणारी एक खोली असते. तिचे नाव लायसोसोम. काही बालकांत ह्या खोलीत अनेक पाचकद्रव्ये नसतात, खोली कचऱ्याने तुंबते आणि मूल सहसा लहानपणीच दगावते. वैद्यांना वाटले, द्रव्ये तयारच होत नसतील. परंतु १९७२ च्या सुमारास एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ती तयार होतात. मात्र खोलीत न जाता पेशीबाहेर फेकली जातात. पुढे कारण कळले. लायसोसोमकडे जाणाऱ्या द्रव्यांवर गॉल्जीमध्ये साखर आणि फॉस्फेट यांचा एक शिक्का मारला जातो. ह्या बालकांत शिक्का मारणारे प्रथिनच बिघडलेले होते. माल उत्तम होता, कारखाना चालू होता. केवळ एक शिक्का नव्हता, आणि तेवढ्याने एक जीव गेला. पत्त्याचे मोल किती, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण नाही.

आता प्रश्न उरला तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माल नेणाऱ्या यंत्रणेचा. येथे कॅलिफोर्नियातला रँडी शेकमन पुढे येतो. शेकमन शाळेत असताना सूक्ष्मदर्शक घेण्यासाठी पैसे साठवीत असे. घरात आई ते पैसे उसने घेई, आणि साठा काही पुरा होईना. चिडून हा मुलगा सायकलवर बसून पोलीस ठाण्यात गेला! शेवटी वडिलांनी त्याला गहाणवट्याच्या दुकानातून एक सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. ही हकीकत त्याने स्वतःच पुढे मोठ्या गमतीने सांगितली आहे.

ह्या शेकमनने अभ्यासासाठी प्राणी निवडला तो यीस्ट. ज्याने पाव फुगतो ती सूक्ष्म बुरशी. पीटर नोविक हा त्याचा विद्यार्थी. दोघांनी यीस्टच्या अशा बिघडलेल्या जाती शोधल्या, की ज्या साध्या उष्णतेत नीट वाढतात, पण ३७ अंशांवर माल बाहेर पाठविणे थांबवितात. त्या कशा ओळखायच्या? येथे मोंढ्यातलेच शहाणपण उपयोगी पडले. गोदामात माल येत राहिला आणि बाहेर जाईना, तर गोदाम भरते. तशाच ह्या पेशी आत साठलेल्या मालाने जड होत. जड पेशी गाळात बसत, त्या वेचून घ्यायच्या. १९७९ आणि १९८० साली ह्या रीतीने त्यांनी वाहतुकीला आवश्यक असे २३ जनुक हुडकले. तिकडे जेम्स रॉथमन याने जनावरांच्या पेशींचे भाग सुटे करून तीच यंत्रणा परीक्षानळीत जुळविली. आणि रॉथमनचा एक भाग व शेकमनचा एक जनुक हे एकाच वस्तूचे दोन पैलू निघाले. थॉमस झ्युडहोफ याने मज्जापेशीत माल नेमक्या क्षणी कसा सुटतो ते दाखविले. ह्या तिघांना २०१३ चे नोबेल मिळाले.

श्रोत्यांपैकी कोणी मनात म्हणत असेल, “हे सारे खरे, पण आम्हाला ह्याचे काय?” त्याचे उत्तर आपल्यापैकी कित्येकांच्या घरात, थंड कपाटाच्या दारात ठेवलेले आहे. ते म्हणजे इन्सुलिन. इन्सुलिन स्वादुपिंडात प्रथम घडते तेव्हा ११० दुव्यांची साखळी असते. पैकी पहिले २४ दुवे म्हणजे ब्लोबेलची चिठ्ठी. ती कापली जाते. मग मधला एक तुकडाही कापून टाकला जातो. आणि ५१ दुव्यांचे पक्के इन्सुलिन पिशव्यांत भरून साखर वाढण्याची वाट पाहत बसते. पूर्वी मधुमेह्यांना डुकराच्या वा गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन टोचीत. १९८२ साली जिवाणूंकडून करविलेले मानवी इन्सुलिन आले. पुढे यीस्टची पाळी आली. यीस्टला चिठ्ठीची भाषा कळतेच. तेव्हा इन्सुलिनच्या साखळीपुढे यीस्टच्याच चिठ्ठीचा तुकडा जोडला, की यीस्ट त्याला आपलाच माल समजून बाहेर टाकते. जगातल्या इन्सुलिनचा मोठा वाटा आज असा यीस्टकडून मिळतो. आपल्या मराठवाड्याचाही ह्यात हात आहे. वोक्हार्ट कंपनीने २००३ साली यीस्टच्या साह्याने केलेले इन्सुलिन भारतात विक्रीस आणले, आणि त्या कंपनीचे जीवतंत्राचे केंद्र तेव्हाच्या औरंगाबादजवळ, वाळूजला उभे राहिले. पॅलेड गिनीपिगच्या चकत्या कापीत होता, तेव्हा त्यातून वाळूजला कारखाना निघेल असे त्याला कोणी सांगितले असते, तर तो हसला असता.

परंतु परक्यांच्या ज्ञानावर कारखाना काढणे निराळे, आणि त्या ज्ञानात स्वतः भर घालणे निराळे. हे दुसरे कामही महाराष्ट्रात झाले आहे. त्याचे बीज १९६२ साली पडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी ओबेद सिद्दिकी यांना बोलावून रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. अणू आणि विश्वकिरण यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत जिवाणू आणि माश्या येऊन बसल्या. ह्याच रोपाची फांदी पुढे बंगलोरला लागली आणि तेथे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले.

पवईच्या आय. आय. टी. मधून रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर पुढच्या अभ्यासासाठी गेले ते पॅलेड आणि ब्लोबेल यांच्याच रॉकफेलर विद्यापीठात, आणि परतले ते ह्या बंगलोरच्या केंद्रात. पेशीच्या बाह्य पटलावरची प्रथिने आत ओढली जातात, पुन्हा बाहेर पाठविली जातात. ह्या परतीच्या वाटेवर निवड कशी होते, हा त्यांचा विषय. स्निग्ध नांगराने पटलाला टांगलेली काही प्रथिने असतात. मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविले की, ही प्रथिने इतरांच्या मानाने तिपटीहून अधिक सावकाश परत येतात. पण पेशीतले कोलेस्टेरॉल कमी केले, की तीही इतरांच्याच वेगाने परततात. ज्या कोलेस्टेरॉलला आपण केवळ हृदयाचा शत्रू म्हणून ओळखतो, ते पेशीत मालाची निवड करणाऱ्या मुकादमाचे काम करते. २०१२ साली त्यांना इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

निवड झाली, पोते भरले. आता ते पाठीवर घ्यायचे कोणी? पेशीतही हमाल आहेत. पेशीभर पसरलेल्या बारीक नळ्यांच्या रस्त्यांवरून दोन जातींची प्रथिने पिशव्या ओढीत चालतात. कायनेसिन सामान्यतः पेशीच्या कडेकडे जाते, डायनीन आतल्या दिशेने येते. कायनेसिनचे पाऊल ८ नॅनोमीटरचे, म्हणजे एक मिलिमीटर चालायला सव्वा लाख पावले! ह्या हमालांचा अभ्यास मुंबईत रूप मलिक यांनी केला. मूळचे ते पदार्थविज्ञानाचे. डॉक्टरेट टाटा संस्थेतलीच. कॅलिफोर्नियात स्टीव्हन ग्रॉस यांच्याबरोबर काम करताना, २००४ साली, त्यांना आढळले की डायनीन ओझ्याप्रमाणे पाऊल बदलते. ओझे नसले तर २४ ते ३२ नॅनोमीटरची ढांग टाकते. ओझे वाढले की ८ वर येते. चढावर गाडीवान बैलांना आखूड पावलांनी चालवितो, तसेच हे.

मुंबईला परतल्यावर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी जंतू गिळणाऱ्या पेशींना बारीक मणी गिळायला दिले, आणि ते मणी प्रकाशाच्या किरणात पकडून ओढणाऱ्या हमालांचे बळ मोजले. एकेकटे पाहिले, तर कायनेसिन डायनीनच्या सुमारे पाचपट बळकट. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या कामाने दाखविले की, अनेक डायनीन एकत्र आले म्हणजे पुढचे आखूड पावले टाकतात, मागचे त्यांना गाठतात आणि ओझे सर्वांत वाटले जाते. कायनेसिनला हे साधत नाही. एकटा पैलवान एकीकडे, आणि रस्सीखेचीला तालात जोर लावणारी साध्या माणसांची टोळी दुसरीकडे. मोठे ओझे टोळीच हलविते. मलिक यांना २०१४ चे भटनागर आणि २०१८ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. पुढे ते पवईच्या आय. आय. टी. मध्ये गेले.

ही केवळ गंमत नव्हे. गिळलेला जंतू लायसोसोमपर्यंत ओढून नेणारे हमाल हेच. २०१६ साली ह्याच गटाने दाखविले की, जंतू ज्या पिशवीत असतो तिच्यावर कोलेस्टेरॉलचे लहान लहान पुंजके बनतात आणि डायनीन त्या पुंजक्यांवर एकत्र जमतात. म्हणून टोळी तयार होते. काळ्या आजाराचा परोपजीवी नेमका येथेच घाव घालतो. त्याच्या अंगावरचे एक द्रव्य हे पुंजके मोडते, टोळी पांगते, आणि पिशवी वाटेतच राहते. शत्रूला आपली वाहतूक आपल्याआधी कळली होती. मुंबईच्या प्रयोगशाळेने ती आपल्याला कळविली.

तात्पर्य काय? माल पिकविणे हे अर्धे काम. तो जागच्या जागी पोहोचविणे हे दुसरे अर्धे, हे मोंढ्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. निसर्गाने हे दुसरे अर्धे काम मालातच लिहिलेल्या चिठ्ठीवर, वाटेतल्या शिक्क्यावर आणि जोडीने चालणाऱ्या हमालांवर सोपविले आहे. आणि हे ज्यांनी शोधले, त्यांत एक निर्वासित पोर होते, एक गहाणवट्याच्या दुकानातल्या सूक्ष्मदर्शकावर वाढलेला मुलगा होता, आणि एक विषय बदलायला न कचरणाऱ्या परंपरेतला पदार्थवैज्ञानिक होता. त्यांपैकी कोणीही औषध शोधायला निघालेला नव्हता. “हे पोते आपल्या ठिकाणी पोहोचते कसे?” एवढेच प्रत्येकाने विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारणे सोडले नाही. उद्या सकाळी मोंढ्यावरून जाताना आपल्याबरोबरच्या मुलाने हाच प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.